नावेचें गाडें व त्यांत करावयाच्या सुधारणा

पुराच्या वेळीं नदीकांठच्या गांवास नाव मिळणें अवघड असतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मिळालेली नाव पाण्यांत घालणें व काम झाल्यावर ती पुन्हां वर घेणें यांत किती वेळ जातो, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं. पक्क्या सडकेवरून भरधांव आणलेली नाव शेवटच्या तीस फुटांसाठीं तासभर खोळंबून राहते. हा वेळ वांचविण्याचा उपाय नावेंत नसून ती वाहून आणणाऱ्या वाहनांत आहे. त्या वाहनांत कोणत्या सुधारणा कराव्या, त्या कशासाठीं, आणि ट्रॉल्या बांधणाऱ्या साध्या कारागिराकडून त्या कशा करून घ्याव्या, हें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे. ट्रॅक्टरच्या मागें जोडून नाव नेण्याचें जें दोन चाकी वाहन, त्यास पुढें सर्वत्र 'गाडें' असेंच म्हटलें आहे.

मराठवाड्यांतील शेतकऱ्यानें नावेचा विचार करावा, याचें कित्येकांस नवल वाटेल. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें होतें. त्याच लातूर जिल्ह्यांत सप्टेंबर २०२५ मध्यें मांजरा व तेरणा या नद्यांनीं पात्र सोडून कांठचीं उभीं पिकें बुडविलीं. त्याच्या एक महिना आधीं, १७ व १८ ऑगस्ट २०२५ रोजीं, नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यांत अतिवृष्टि होऊन लेंडी नदीच्या खोऱ्यांतील रावणगाव, हसनाळ, भासवाडी वगैरे गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. माणसें दगावलीं, गुरें वाहून गेलीं, आणि राज्य आपत्ति प्रतिसाद दलाबरोबर लष्करासहि पाचारण करावें लागलें. तेव्हां दुष्काळ व पूर हे दोन्ही पाहुणे आपल्या एकाच घरीं उतरतात, हें मान्य केलेलें बरें. शिवाय गोदावरी, मांजरा व मन्याड या नद्यांवर ठिकठिकाणीं धरणें व बंधारे झाले असल्यामुळें वरचे दरवाजे उघडले म्हणजे आपल्या शिवारांत पाऊस नसतांनाहि पाणी चढतें. विष्णुपुरीच्या खालच्या गांवांस हा अनुभव नवीन नाहीं.

आपल्याकडे नाव म्हटली म्हणजे ती भोयांची आणि बोट म्हटली म्हणजे ती सरकारची, असा एक समज आहे. वस्तु एकच. गुळाच्या काहिलींतून, ट्रकच्या फुगविलेल्या नळीवरून किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावरून पाणी ओलांडण्याचे प्रकार अजून घडतात. त्यांस धाडस म्हणावें, व्यवस्था म्हणतां येत नाहीं. ज्या गांवसमूहानें किंवा मत्स्य सहकारी संस्थेनें चौदा ते सोळा फुटांची एक साधी फायबरची नाव व तिला लहानसें इंजिन घेतलें असेल, अगर घेण्याचें मनांत आणलें असेल, त्यांच्यासाठीं पुढील मजकूर आहे.

महसुली नोकरींत पंचनाम्याच्या निमित्तानें पुराच्या कडेला उभें राहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास पुष्कळ वेळां आला. एक गोष्ट प्रत्येक वेळीं दिसली. नाव पाण्यांत ढकलण्यास माणसें हवीं तितकीं जमतात. वीस हात लागले कीं ती कशीतरी उतरते. खरी अडचण पुढें येते. एका वस्तीचें काम आटोपून तीच नाव तीन-चार कोसांवरील दुसऱ्या वस्तीकडे न्यावयाची असते. तोंवर अंधार झालेला, माणसें पांगलेलीं, कांठचा चिखल शेकडों पायांनीं कालवलेला, आणि पाणी फूटभर चढलेलें किंवा उतरलेलें असतें. अशा वेळीं नाव वर घेणें हेंच दुसऱ्या गांवास नाव मिळणें होय. म्हणून गाडें बांधतांना उतरविण्यापेक्षां परत घेण्याचा विचार आधीं करावा. परत घेण्यास जें गाडें सोयीचें, तें उतरविण्यास सोयीचें असतेंच. याच्या उलट मात्र खरें नाहीं.

प्रथम आपली नेहमीची ट्रॉली या कामास कां चालत नाहीं तें पाहूं. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून सुमारें साडेतीन फूट उंच असतो. इंजिनासह रिकामी नाव पाण्यांत पाऊण फूट बुडते असें धरिलें, तर ती ट्रॉलीवरून आपोआप तरंगून निघण्यास ट्रॉलीच्या शेवटाशीं सव्वाचार फूट पाणी पाहिजे. कांठाचा उतार आठास एक, म्हणजे आठ फूट पुढें गेल्यावर एक फूट खोल, असा असला तर ट्रॉलीचा शेवट पाण्याच्या कडेपासून चौतीस फूट आंत न्यावा लागेल. ट्रॉली दांडीसह सोळा फूट धरली म्हणजे ट्रॅक्टरचा हूक अठरा फूट आंत जातो व तेथें सव्वादोन फूट पाणी असतें. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा मध्य पाण्याला लागतो, पुढचीं चाकेंहि सवा फूट पाण्यांत उभीं राहतात. तळ खडकाळ असेल तर एक वेळ निभावेल. पण आपला तळ काळ्या मातीचा किंवा ताज्या गाळाचा. तेथें मागचें चाक एकदां फिरूं लागलें कीं तें स्वतःची कबर खणतें. मग नाव राहते बाजूला, आणि सारें गांव ट्रॅक्टर काढण्याच्या खटपटीस लागतें.

यावर अनेकांस पहिली सुचणारी युक्ति म्हणजे हायड्रॉलिकनें उचलणारी ट्रॉली. पुढची बाजू उचलावी, मागचा फाळका काढावा, नाव घसरून पाण्यांत जाईल. ती जाते हें खरें. परंतु घसरूं लागलेल्या नावेस धरणारें कांहीं नसतें. इंजिनाची बाजू प्रथम पाण्यांत आपटते व मागून पाणी आंत येण्याचा संभव असतो. बरें, उतरविण्यापुरतें हें चालवून घेतलें तरी परत घेतांना उचललेल्या ट्रॉलीच्या तीव्र चढावर नाव ओढावी लागते, तिचा कणा लोखंडी कडेवर घासून चिरतो, आणि चढाच्या टोकास ती धाडकन् पुढें पडते. वाळू-खतासाठीं उत्तम असलेलें हें साधन नावेसाठीं आमच्या मतें वर्ज्य समजावें.

खरा उपाय तळ खालीं आणण्याचा आहे. जुन्या ट्रॉलीचा किंवा भंगारांत मिळणाऱ्या जीपचा आंस घेऊन तो दोन्ही टोकांशीं वर व मध्यें खालीं राहील असा वांकवून जोडून घ्यावा. म्हणजे गाड्याची चौकट चाकांच्या मध्यरेषेवर न बसतां चाकांमध्यें लोंबकळल्यासारखी बसते. १६ इंची चाकें घेतलीं तर चौकट जमिनीपासून एक फुटावर येते. तिच्यावर सहा इंचांच्या आधाराच्या फळ्या धरून नावेचा तळ दीड फुटावर येतो. दोन चाकांच्या आंतल्या बाजूंमध्यें साडेपांच फूट अंतर ठेवावें, म्हणजे पांच फूट रुंदीची नाव चाकांस न लागतां मध्यें बसेल. आतां मघांचाच हिशेब पुन्हां करावा. दीड फूट उंची व पाऊण फूट नावेचें बुडणें मिळून सव्वादोन फूट पाणी पुरे. आठास एक उतारावर गाड्याचा शेवट अठरा फूट आंत जातो, आणि गाड्याची लांबी सोळा फूट असल्यामुळें ट्रॅक्टरचा हूक कडेपासून अवघा दोन फूट आंत राहतो. ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें जेमतेम ओलीं होतात. दोन फूट उंची कमी केल्यानें सोळा फूट पाणी वांचलें.

अर्थात् इतकें खालीं आणलेलें गाडें शेताच्या बांधावरून किंवा खोल चाकोरींतून नेतां येणार नाहीं, पोट टेकेल. तें सडकेवरूनच न्यावयाचें आहे, हें लक्षांत ठेवून ही गैरसोय सोसावी.

दुसरी सुधारणा रुळांची. नुसत्या लाकडी फळ्यांवर नाव ओढणें व रुळांवर ओढणें यांत किती फरक पडतो तो आंकड्यांनीं पाहूं. नाव ३०० किलो, इंजिन ५० किलो, तेल, दोर, वल्हीं, तरंगजाकिटें मिळून आणखी ५० किलो, असें एकंदर ४०० किलो वजन धरूं. आठास एक चढावर केवळ चढासाठीं ५० किलोची ओढ लागते. कोरड्या लाकडावर घर्षणासाठीं वजनाच्या सुमारें चार दशांश, म्हणजे १६० किलो, अधिक लागतात, एकूण २१०. चांगल्या फिरत्या रुळांवर घर्षण वीसांश भागावर येतें, म्हणजे २० किलो, एकूण ७०. जेथें पांच-सहा माणसें लागत होतीं तेथें दोन पुरतात. ज्यांनीं मोट पाहिली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. मोटेचा सोंदूर विहिरीच्या कडेवर घासूं नये म्हणून तेथें लाकडी रूळ बसवीत, त्याचेंच हें मोठें रूप.

रूळ रबराचे किंवा कठीण नायलॉनचे असावेत. लोखंडी रूळ फायबरला चिरा पाडतात. ते गाड्याच्या मध्यरेषेवर, नावेच्या कण्याखालीं, दोन-दोन फुटांवर बसवावे, आणि अगदीं शेवटचा रूळ इतरांहून दोन इंच खालीं व मध्यें खोलगट असा घ्यावा, म्हणजे येणारी नाव त्यावर चढतांच आपोआप मध्यावर येते. मात्र प्रवासांत नावेचें सारें वजन रुळांवर ठेवूं नये. रूळ लहानशा जागीं टेकतो. खड्ड्यांतून हादरे बसले कीं तेवढ्याच जागीं तळ दबतो. यासाठीं दोन्ही बाजूंस लांब फळ्या द्याव्या, त्यांवर जुनी सतरंजी किंवा रबरी पट्टा ठोकावा, आणि वजन फळ्यांनीं घ्यावें, रुळांनीं वाट दाखवावी, अशी उंची जुळवावी. फळ्या नावेच्या मागच्या आडव्या भिंतीपर्यंत पोंचल्याच पाहिजेत. इंजिन त्या भिंतीवर लटकलेलें असतें. तिच्याखालीं आधार नसला तर कांहीं महिन्यांत तळास कायमचा बांक येतो व मग नाव पाण्यांत सरळ चालत नाहीं.

हवेनें फुगविणाऱ्या रबरी नावेस रूळ नकोत. तिला सपाट, गुळगुळीत व खिळ्यांचें डोकें वर न आलेला फळ्यांचा तळ पाहिजे. ती वजनानें हलकी असल्यामुळें पांच-सहा माणसें उचलूनहि नेतात.

आतां दांडीविषयीं. कांठाचा उतार प्रत्येक ठिकाणीं आठास एक मिळेलच असें नाहीं. पुराचें पाणी शेतांत पसरतें तेथें वीसांस एक इतका मंद उतार असतो, आणि मग सव्वादोन फूट पाण्यासाठींहि पंचेचाळीस फूट आंत जावें लागतें. याकरितां दांडी वाढविण्याची सोय असावी. दांडी चौकोनी नळीची करावी व तिच्या आंत सरकेल अशी दहा-बारा फुटांची दुसरी नळी ठेवावी. दोन आरपार पिनांनीं ती हवी तेथें पक्की होते. सडकेवर ती आंत ढकलून ठेवावी, कांठावर ओढून लांब करावी. कित्येक जण याऐवजीं गाडें सोडून दोरानें किंवा साखळीनें खालीं सोडतात. दगडी घाटावर तें ठीक आहे. आपल्या चिखलांत गाडें स्वतःच्या वजनानें खालीं जात नाहीं, आणि दोर ओढूं शकतो, ढकलूं शकत नाहीं. म्हणून आमचा कौल लांब दांडीच्या बाजूनें आहे. दोर वापरणें भागच पडलें तर तो ताणलेला असतां त्याच्या रेषेंत कोणासहि उभें राहूं देऊं नये. तारेचा दोर तुटला तर तो कोयत्यासारखा फिरतो.

यासंबंधीं आणखी एक धोका सांगणें अवश्य आहे. नाव मागें सरकूं लागली म्हणजे तिचें वजन आंसाच्या मागें जातें व दांडी वर उचलूं पाहते. म्हणून नाव पूर्ण उतरेपर्यंत हुकाची पिन काढूं नये; आणि गाडें बांधतांनाच आंस अशा ठिकाणीं घ्यावा कीं लादलेल्या वजनाचा सुमारें दहावा भाग हुकावर राहील. कारागीर सवयीनें आंस मधोमध घेतो. त्यास इंजिन मागें आहे याची आठवण द्यावी.

गाड्याच्या मागच्या दोन कोंपऱ्यांवर उभे खांब असावेत. आमच्या दृष्टीनें साऱ्या सुधारणांत खर्चानें ही सर्वांत हलकी व उपयोगानें सर्वांत भारी आहे. पुराचें पाणी चहासारखें गढूळ असतें. बुडालेलें गाडें त्यांत दिसत नाहीं, आणि नाव हाकणारा अंदाजानें येऊन चाकावर किंवा लोखंडी कोनावर आदळतो. साडेचार फूट उंचीच्या दोन लोखंडी नळ्या, त्यांवर नावेस खरचटूं नये म्हणून सिंचनाच्या प्लॅस्टिक नळीचें आवरण, वर पांढरा रंग व त्यावर तांबडे पट्टे, इतकें केलें कीं दोन खांबांमधून नाव घालणें घराच्या दारांतून शिरण्याइतकें सोपें होतें. रात्रीसाठीं वरच्या टोकांस चकाकणारी पट्टी चिकटवावी. याच खांबांवर पाण्याच्या खोलीची एक खूण करावी. शांत पाण्यांत एकदां गाडें हळूहळू बुडवून पाहावें. ज्या खोलीस नाव मागून तरंगूं लागते व पुढून मात्र टेकलेली राहते, तेथें काळी रेघ ओढावी. पुढें दरवेळीं त्या रेघेपर्यंतच गाडें न्यावें. कमी बुडविलें तर नाव फार ओढावी लागते. फार बुडविलें तर ती रुळांवर न बसतां वरच्या वर इकडेतिकडे भरकटते व ट्रॅक्टर पुढें घेतांच वांकडी बसते. नवशिक्याची चूक बहुधा दुसऱ्या प्रकारची असते.

पुढच्या टोकास हातानें फिरवावयाचा रहाट, ज्यास बाजारांत विंच म्हणतात, बसवावा. त्याची मूठ दहा इंच लांब, दोर गुंडाळण्याच्या गाभ्याची त्रिज्या दोन इंच आणि दातेरी चाकांचें प्रमाण एकास चार असलें, तर ओढ वीस पटीनें वाढते. निम्मी घर्षणांत गेली असें मानलें तरी दहा पट उरते. पंधरा किलोच्या जोरानें मूठ फिरविणारा एकटा माणूस दीडशें किलो ओढतो, आणि आपणांस लागतात सत्तर. रहाटास उलट फिरण्यास अडविणारी कुत्री असलीच पाहिजे, व ती उचलून मूठ मोकळी सोडण्याचा मोह कोणास होऊं देऊं नये. मोकळी फिरणारी मूठ मनगट मोडते. तारेऐवजीं रुंद विणलेला पट्टा घ्यावा. आणि प्रवासांत नाव केवळ रहाटाच्या भरंवशावर ठेवूं नये. पुढें एक साखळी व मागें दोन पट्टे आवळावे.

समुद्रकांठच्या देशांत या विषयाचा अभ्यास फार पूर्वींपासून झाला आहे. इंग्लंडांतील जीवरक्षक नौकांची राष्ट्रीय संस्था १८२४ मध्यें स्थापन झाली. जेथें बंदर नाहीं अशा वाळूच्या किनाऱ्यांवर त्यांच्या जड नावा चाकांच्या गाड्यांवरून घोडे लावून पाण्यांत नेत. १९२० च्या सुमारास हन्स्टंटन येथें त्यांनीं घोड्यांच्या जागीं ट्रॅक्टर लावून पाहिला, व पुढें तीच रीत रूढ झाली. त्यांचें गाडें मात्र आपल्याहून एका बाबतींत निराळें होतें. तेथें समोरून लाटा येतात, म्हणून नावेचें नाक समुद्राकडे ठेवून ती उतरवीत. आपल्याकडे लाट नसते, प्रवाह असतो. म्हणून नाक ट्रॅक्टरकडे व इंजिन पाण्याकडे, हीच रचना आपणांस योग्य. इंजिन प्रथम खोल पाण्यांत जातें आणि हाकणारा नाव सुटतांच कांठापासून दूर घेऊं शकतो.

पाण्यांत जाणाऱ्या गाड्याची निगा कोरड्या ट्रॉलीहून वेगळी असते. दहा कोस धांवून आलेल्या चाकाचा तुंबा तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यांत बुडविला तर आंतली हवा एकदम आकसते व झडपेच्या फटींतून पाणी आंत ओढून घेते. मग वंगण पांढरें पडतें आणि पुढच्या फेरींत बेरिंग जळतें. शक्य असेल तेथें कांठावर पोंचल्यावर अर्धा तास चाकें निवूं द्यावीं. पुरांत इतकी सवड मिळत नाहीं. मग निदान पाण्यास टिकणारें वंगण आधींच ठांसून भरावें, व काम संपतांच दुसरे दिवशीं तुंबे उघडून तें बदलावें. मागच्या दिव्यांची तार पाण्यांत शिरण्यापूर्वीं सोडवावी. दिवे खांबांच्या टोकावरच बसविले तर ही कटकट राहत नाहीं. चौकटीच्या नळ्यांचीं तोंडें कारागीर हौसेनें बंद करितो. तशीं करूं नयेत. आंत हवा कोंडली तर हलकें गाडें पाण्यांत उचलूं लागतें व प्रवाहानें आडवें होतें. नळ्यांस खालून भोंकें ठेवावीं. पाणी आंत शिरतें, बाहेर आल्यावर निथळून जातें, गंजहि कमी चढतो.

गाडें उत्तम झालें तरी धाव चांगली नसेल तर व्यर्थ. मोटेच्या बैलांसाठीं विहिरीजवळ जी उतरती वाट असे तिला आपण धाव म्हणत आलों. नावेच्या या वाटेसहि तेंच नांव शोभतें. धावेचा उतार सातास एक ते आठास एक असावा. याहून उभा असला तर ओला ट्रॅक्टर भार घेऊन वर चढतांना घसरतो. गांवच्या तलावावर किंवा नदीच्या कांठीं कायमची धाव करावयाची तर ती मे महिन्यांतच करावी. त्या वेळीं पाणी आटून तळाचा उतार उघडा पडतो, दगड, मुरूम व वर सिमेंटचा खडबडीत थर घालतां येतो, आणि पावसाळ्यांत जो भाग डोळ्यांस दिसणार नाहीं तोच नीट बांधला जातो. थरावर आडव्या खांचा ठेवाव्या. गुळगुळीत केलेली धाव शेवाळ धरिते.

पुराच्या दिवशीं मात्र धाव आयती शोधावी लागते. तेव्हां पाण्यांत शिरणारी डांबरी सडक हीच उत्तम धाव होय. ठेंगण्या पुलाकडे उतरणारा रस्ता मंद उताराचा व टणक असतो. परंतु मुख्य पुलाचा रस्ता घेऊं नये, तेथें ओढ जोराची असते. नाल्याचें पाणी मागें फुगून जेथें स्थिर झालें आहे अशा आडरस्त्याची निवड करावी. ट्रॅक्टर घालण्यापूर्वीं दोघांनीं कमरेस दोर बांधून, लांब काठीनें ठोकीत, रस्ता शाबूत आहे व कडा खचल्या नाहींत याची खात्री करावी. पाण्याखालचें डांबर पुष्कळदां वरून दिसतें तसें नसतें. सडक नसलीच तर काळ्या मातीवर चाकांच्या दोन ओळींत तुराट्या किंवा पऱ्हाट्यांच्या पेंढ्या आडव्या, दाट अंथराव्या व त्यांवर बांबूच्या तट्ट्या टाकाव्या. दोन खेपांनंतर त्या मातींत दबतात. जवळ दुसरा थर तयार ठेवावा.

उतरवितांना नावेच्या तळाचें बूच बसविलें आहे कीं नाहीं तें प्रथम पाहावें. हें हास्यास्पद वाटेल, पण घाईंत हेंच विसरतें. मागचे पट्टे सोडावे, पुढची साखळी व रहाट तसेच ठेवावे, नाकास बांधलेला लांब दोर कांठावरील एका जबाबदार माणसाच्या हातीं द्यावा, आणि मग ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरमध्यें मागें घ्यावा. काळ्या रेघेस पाणी लागलें कीं थांबून मागच्या चाकांखालीं ठोकळे द्यावे. नंतर साखळी काढून रहाट सावकाश सोडावा. नाव पाठीमागून तरंगूं लागते व पुढून टेकलेली असते, त्या क्षणीं ती सर्वांत डळमळीत असते. हाकणाऱ्यावांचून कोणीहि तींत बसूं नये.

परत घेतांना गाडें आधीं बुडवून स्थिर करावें आणि मगच नाव आणावी. प्रवाह बाजूनें येत असेल तर हाकणाऱ्यानें वरच्या अंगाच्या खांबाचा रोख धरावा, म्हणजे ओढीनें ती नेमकी मध्यें येते. माणसें आधीं उतरवावीं. नाक शेवटच्या रुळास लागलें कीं इंजिन बंद करून वर उचलावें, पट्टा अडकवावा व उरलेलें काम रहाटानें करावें. इंजिनाच्या जोरावर नाव गाड्यावर चढविण्याची हौस पुष्कळांस असते. त्या फवाऱ्यानें धावेच्या पायथ्याशीं खळगा पडतो व पुढच्या खेपेस गाड्याचें चाक नेमकें त्यांत बसतें. या कामीं भोई मंडळींचा सल्ला अवश्य घ्यावा. पाण्याची ओढ त्यांस डोळ्यांनीं नुसती पाहून कळते. ती विद्या पुस्तकांत मिळावयाची नाहीं.

कायद्याचीहि एक बाब आहे. नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें बंधन घातलें आहे. म्हणून आपली नोंदलेली ट्रॉली कापून तिचें गाडें करूं नये. गाडें स्वतंत्र बांधावें व सडकेवर आणण्यापूर्वीं त्याच्या नोंदणीविषयीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. विमा कंपनी अपघातानंतर पहिला प्रश्न हाच विचारते.

मृगापूर्वीं एकदां व पोळ्याच्या सुमारास एकदां, अशी वर्षांतून दोन वेळां या साऱ्याची रंगीत तालीम घ्यावी, व त्यांतली एक रात्रीं घ्यावी. घड्याळ लावून पाहावें. चार सराईत माणसांस नाव उतरविण्यास दहा मिनिटें व परत घेऊन पट्टे आवळण्यास पंधरा मिनिटें पुरावींत. अधिक लागलीं तर कोणत्या पायरीस लागलीं तें लिहून ठेवून तेवढीच दुरुस्त करावी. एरवीं गाडें छपराखालीं, चाकें ठोकळ्यांवर उचलून ठेवावें, नावेचें बूच काढून ठेवावें, आणि तें बूच रहाटाच्या मुठीसच दोरीनें बांधावें. गाडें ठेवावयाची जागा ग्रामपंचायतीच्या आवारांत असली पाहिजे असें नाहीं. गांवच्या ज्या बाजूस पुरांतहि बाहेर जाण्याचा रस्ता उघडा राहतो, त्या बाजूस, ट्रॅक्टर असलेल्या एखाद्या सभासदाच्या वाड्यांत तें ठेवावें, आणि हुकाची पिन त्याच्या घरांतील माणसांस ठाऊक असलेल्या खुंटीवर टांगावी.